आवाज कमी कुणाचा?

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या किनाऱ्यावरची शांतता संपते. मांडव्यापासून मुरुडपर्यंत कुठल्याही गावात जा, एका तरी दारात मांडव असतोच. लग्नाच्या आदल्या रात्री हळद. आगरी घरांतून धवलारीण येते, तिच्या धवल्यांवर विधी चालतात, आणि ती थांबली की बँजो सुरू होतो. आता तर बँजोच्या जोडीला कीबोर्ड, पॅड आणि बेस गिटारसुद्धा असते. या बेसचा आवाज कानाला कमी आणि छातीला जास्त ऐकू येतो. फळीवरची भांडी थरथरतात ना, ते तिचंच काम!

माझा आणि या वाद्याचा संबंध एवढाच होता. रात्रीचे दहा वाजून गेले, आता हे बंद कधी होणार, याची वाट बघायची.

पण गेल्या वर्षी गणपती गेले आणि आमच्याच घरात एक बेस गिटार येऊन बसली. माझी लेक कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. संध्याकाळी लहान मुलांच्या शिकवण्या घेते. त्या पैशांतून तिने ही जुनी गिटार विकत घेतली. कुणाचा तरी ऑर्केस्ट्रा बंद पडला होता आणि गिटार चार वर्षं माळ्यावर पडून होती. चार जाड तारा, अंगावर ओरखडे, स्क्रू गंजलेले. आमच्या ह्यांनी एकदा बघितलं आणि म्हणाले, "अगं, हिच्यापेक्षा आपल्या विहिरीचा पंप बरा दिसतो."

लेक मात्र हरखून गेली होती. गावातल्या पोरांचा एक ग्रुप आहे. हळद, साईभंडारा, गणपती, अशा ऑर्डरी घेतात. त्यांच्याकडे बेस वाजवणारं कुणी नव्हतं. पोरांनी तिला घेतलं. मी मनातून सुखावले. बचत गटांच्या कामानिमित्त गावोगाव फिरताना मी "मुलींना पुढे येऊ द्या" असं शंभर वेळा सांगते. इथे तर माझी स्वतःचीच मुलगी पुढे आली होती.

दीड महिना सराव झाला. मग एक दिवस ग्रुपचा म्होरक्या पोरगा घरी आला. चांगला, सालस मुलगा आहे तो. चहा पिता पिता जरा अवघडून म्हणाला, "काकी, रागवू नका. पण तिच्या बेसचा आवाजच येत नाही हो. हात नाजूक पडतो तिचा. बेसला जोर लागतो. रेवदंड्याची ऑर्डर मोठी आहे, तिथे आम्ही दुसऱ्याला बोलवतोय. तिला पाहिजे तर कीबोर्डला साथ करू दे."

आणि मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, "बरोबर आहे रे बाबा तुझं."

हो, मैत्रिणींनो, मीच म्हटलं. व्यासपीठावरून मुलींच्या बाजूने बोलणारी मी, घरच्या ओट्यापाशी उभी राहून एका वाक्यात लेकीचा हात नाजूक आहे हे कबूल करून मोकळी झाले. वर रात्री तिचीही समजूत काढली. "जाऊ दे ना, कीबोर्ड तरी काय वाईट आहे?"

ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना तिने डाव्या हाताने परात पुढे ओढली, तेव्हा माझं लक्ष गेलं. उजव्या हाताच्या दोन बोटांना फोड येऊन फुटले होते. मनगट सुजलं होतं. आवाज येत नाही म्हणून पोरगी महिनाभर तारा जीव खाऊन ओढत होती. त्या क्षणी मला स्वतःची फार लाज वाटली.

इतका वेळ गप्प बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या मिक्सरचा आवाज बसला तेव्हा तू मिक्सर दुकानात नेलास. तुझा हात नाजूक आहे असं कुणी म्हटलं नाही. मग पोरीचं यंत्र कुणी दाखवलं का कुठे?"

बघा! ऐंशीच्या घरातल्या बाईला जे सुचलं, ते मला सुचलं नव्हतं.

अलिबागला बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत एक रेडिओ दुरुस्त करणारे काका बसतात. रेडिओ आता कोण आणतंय, पण भजनी मंडळांचे अँप्लिफायर आणि हळदीवाल्यांचे बँजो त्यांच्याकडेच येतात. आम्ही मायलेकी गिटार घेऊन गेलो. मी आपली प्रस्तावना केली, "काका, हिचा हात जरा हलका पडतो..."

काका चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "वहिनी, हात नंतर. आधी वाद्य बघू. हे विजेचं वाद्य आहे. जोर वीज लावते, बोटाने फक्त तार हलवायची."

मग त्यांनी आम्हाला जे समजावलं, ते मी माझ्या शब्दांत सांगते, कारण मला ते पहिल्यांदाच कळलं. साध्या गिटारीला पोकळ पोट असतं, त्यात आवाज घुमतो. या गिटारीला पोटच नाही, भरीव लाकूड आहे. अँप्लिफायर न लावता वाजवलं तर डास गुणगुणल्यासारखं ऐकू येतं. तारांच्या खाली दोन काळ्या पट्ट्या असतात, त्यांना पिकअप म्हणतात. आत लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. ती तार डोक्याच्या केसाइतकी बारीक. वरची पोलादी तार हलली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि त्या वेढ्यांत इवलीशी वीज तयार होते. इंग्लंडच्या मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये शोधून काढलेलं तत्त्व ते हेच, आणि वीज केंद्रातलं जनित्रही त्यावरच चालतं. ती इवलीशी वीज वायरीतून अँप्लिफायरकडे जाते आणि तिथे तिचा धडाका होतो. पिकअप म्हणजे माइक नव्हे. त्याच्यासमोर कितीही ओरडा, त्याला तुमचं बोलणं कळत नाही. त्याला फक्त लोखंड-पोलादाचं हलणं कळतं. म्हणून नायलॉनच्या तारा लावल्या तर हा पिकअप मुका.

"म्हणजे पिकअपच कमजोर असला तर?" लेकीने विचारलं.

"तर भीमाने वाजवलं तरी आवाज नाही!" काका म्हणाले.

पण त्यांनी लगेच पिकअपवर खापर फोडलं नाही. त्यांची तपासायची रीत मला फार आवडली. आधी फुकटातलं, मग स्वस्तातलं आणि शेवटी महागातलं. पहिल्यांदा दुसरी वायर लावून बघितली. मग वायर जिथे खुपसतात ती खाच, म्हणजे जॅक, हलवून बघितला. काही गिटारींत आत ९ व्होल्टची बॅटरी असते, ती उतरली तरी आवाज मरतो, आणि लोक उगाच पिकअप बदलत बसतात. वायर तशीच लावून ठेवली की ती बॅटरी नुसती पडून पडून उतरते. आमच्या गिटारीला बॅटरीच नव्हती. तारा जुन्या होत्या. जुन्या तारांचा आवाज बोथट होतो, पण इतका नाही.

मग काकांनी अँप्लिफायर सुरू करून, आवाज बारीक ठेवून, छोट्या पेचकसाने पिकअपवर हलकेच टकटक केली. मागच्या पिकअपवर टक् असा स्वच्छ आवाज. पुढच्यावर जवळजवळ काहीच नाही. "हं," काका म्हणाले, "आता पोट उघडू."

बटणांची पट्टी खोलली. पुढच्या पिकअपची एक वायर सोडवून मीटर लावला. मीटरवर नुसता १, म्हणजे रस्ता बंद. आत कुठेतरी ती केसासारखी तार तुटली होती. मागच्याचा आकडा साडेसात किलोओहमच्या आसपास आला, म्हणजे तो धड होता. मात्र त्याच्या खालचा फोम कुजून भुगा झाल्याने तो खाली बसला होता, तारांपासून पार लांब गेला होता. पिकअप जितका लांब, तितका आवाज कमी. म्हणजे दोन पिकअपपैकी एक मेलेला आणि दुसरा खड्ड्यात. त्यातही मागचा पिकअप मुळात चरचरीत, टोकदार आवाजाचा. छातीत धुम्म् करणारा जाड आवाज येतो तो पुढच्याचा. तोच गेलेला!

"तरी हिने एवढा आवाज काढला," काका म्हणाले, "पोरीचा हात दणकट म्हणायचा."

लेक माझ्याकडे बघत होती. मी जमिनीकडे.

तार का तुटली? नक्की कसं सांगणार? पण काकांचा अंदाज आपल्या हवेवर. खिडकीचे गज दर वर्षी रंगवले नाहीत तर गंजतात, शिलाई मशीनची सुई डब्यात ठेवली तरी काळी पडते, ही आपली खारी हवा. चार वर्षं माळ्यावर उघड्या पडलेल्या तांब्याला ती सोडेल? जोडापाशी हिरवी बुरशी चढलेली आम्ही डोळ्यांनी बघितली.

काका पूर्वी बँजोच्या पिकअपला स्वतः नवे वेढे द्यायचे. आपण हळदीत ज्याला बँजो म्हणतो, तो खरं तर बुलबुल तरंग. टाइपरायटरसारखी बटणं असलेला. त्याचं मूळ जपानी वाद्यात आहे, तैशोगोतो नावाच्या. १९१२ मध्ये नागोया शहरात गोरो मोरिता यांनी ते बनवलं. आपल्या लोकांनी त्याला पोलादी तारांखाली पिकअप बसवला आणि लाउडस्पीकर जोडून रस्त्यावर आणला. "पण आता डोळे साथ देत नाहीत," काका म्हणाले, "ती बारीक तार दिसत नाही. तुम्ही नवी जोडीच आणा."

जोडी कशाला? मागचा तर बरा आहे ना? मी हिशेबी बाई, लगेच विचारलं. तर त्यालाही कारण होतं. एकेकटा पिकअप आजूबाजूच्या वीजवाहिन्यांची घरघरही पकडतो. म्हणून जोडीतला एक मुद्दाम उलटा बनवतात. चुंबकही उलटा, वेढ्यांची दिशाही उलटी. दोन्ही सारखे चालू ठेवले की सूर एकमेकांत मिसळतात आणि घरघर एकमेकांना खोडून टाकते. कुठल्याही दोन पिकअपची अशी जोडी जमत नाही. जुना मागचा डबीत ठेवून द्या, अडीनडीला उपयोगी येईल, असं काकांनी सांगितलं.

आणखी एक सूचना दिली. या जातीच्या गिटारीत पुढचा आणि मागचा पिकअप दिसायला सारखा, पण बहुतेक वेळा मागचा तीनएक मिलिमीटरने लांब असतो. स्वस्तातल्या गिटारींत मात्र दोन्ही सारखेच असू शकतात. अंदाजाने आणलं तर खाचेत बसत नाही. तेव्हा आम्ही ब्लाउजचा कागदी बेत कापतात तसे दोन्ही खाचांचे बेत कापले, त्यावर स्क्रूच्या भोकांच्या खुणा केल्या, आणि एका शनिवारी मांडव्याहून लाँचने मुंबई गाठली. धोबी तलावाच्या बाजूला वाद्यांची जुनी दुकानं आहेत. त्यातलं फुर्टाडोज हे नाव तर १८६५ पासूनचं. नामांकित कंपनीच्या पिकअपची किंमत ऐकून मी पर्स घट्ट धरली. ती जोडी आमच्या अख्ख्या गिटारीपेक्षा महाग होती. एका छोट्या दुकानात साधी जोडी दोन हजारांच्या घरात मिळाली. दुकानदाराने आमचा कागदी बेत बघितला आणि हसला. पण बेत पिकअपवर ठेवल्यावर तंतोतंत जुळला, तेव्हा म्हणाला, "मॅडम, गिऱ्हाइकं नुसता फोटो दाखवतात. असं माप घेऊन कुणी येत नाही." शिवणकाम असं कामाला येतं! सोल्डरची तार आणि राळ लॅमिंग्टन रोडवरून घेतली.

रविवारी काकांच्या टेबलावर काम सुरू झालं. मी म्हटलं, काका, तुम्हीच लावून द्या पटकन. काका म्हणाले, "मी लावला तर माझा हात चालेल. तिचा कधी चालणार?" आणि त्यांनी सोल्डरिंगची कांडी लेकीच्या हातात दिली.

काही खोलण्याआधी तिने आतल्या वायरींचे मोबाइलवर फोटो काढले. हे फार महत्त्वाचं. तारा सैल करून काढल्या. पिकअपचे चार चार स्क्रू. गंजलेल्या स्क्रूला थेंबभर तेल लावून दहा मिनिटं थांबायचं, घाई केली तर त्याची खाच मरते. जुन्या वायरींचे जोड तापवून सोडवले. नव्या पिकअपखाली फोमचे नवे तुकडे. मग जोडणी. प्रत्येक पिकअपच्या दोन वायरी. एक आवाजाची, ती व्हॉल्यूमच्या बटणाच्या पायाला. दुसरी अर्थिंगची, ती बटणाच्या पाठीला. आधी जोडायची जागा तापवायची आणि मग तिला सोल्डर दाखवायचं. वितळलेला थेंब नुसता वरून टाकला तर तो चिकटल्यासारखा दिसतो, पण चिकटत नाही. कांडी फार वेळ टेकवली तर बटण आतून जळतं. लेकीचा पहिला जोड गोळा झाला, दुसरा बरा आला, तिसरा चांदीच्या टिकलीसारखा चकचकीत. इथे नाजूक हातच लागतो हो!

लावून वाजवलं. एकेक पिकअप वेगवेगळा छान वाजला. दोन्ही एकदम चालू केले तर आवाज पुन्हा पातळ, नाकातून आल्यासारखा! माझ्या पोटात गोळा आला. दोन हजार पाण्यात?

काका मात्र हसत होते. "दोन जावा एकेकट्या गुणाच्या, एकत्र आल्या की कामाचा खोळंबा, तसं झालंय." एका पिकअपच्या दोन वायरी उलटसुलट लागल्या होत्या. त्यामुळे एक आवाजाला ढकलत होता, तेव्हाच दुसरा ओढत होता. त्या एकाच्या वायरी अदलाबदल केल्या आणि टेबलावरचा चहाचा कप बशीत थरथरला.

तरीही मागे थोडी घरघर होतीच. काका म्हणाले, "तारांना हात लाव. घरघर कमी होते का?" नाही झाली. तारा जिथे अडकवतात त्या लोखंडी पट्टीखाली अर्थिंगची एक वायर असते, ती कामाच्या धांदलीत सुटली होती. ती जोडायची पाळी माझ्यावर आली. आयुष्यात पहिल्यांदा मी सोल्डरिंगची कांडी धरली. चाळीस वर्षं ओलांडलेली, बी.ए. मराठी, इस्त्रीची वायर जळली तरी "अहो, बघा ना" म्हणणारी मी! जोड काही सुबक नव्हता. पण लेकीने तारांना हात लावला आणि घरघर थांबली.

शेवटी उंची. तार शेवटच्या पट्टीवर दाबून धरायची आणि पिकअप व तार यांत दोन-तीन मिलिमीटरची फट ठेवायची, साधारण दोन नाण्यांइतकी. त्याहून जवळ नेलं तर आवाज वाढतो खरा, पण चुंबकच तारेला ओढायला लागतो आणि सूर बिघडतो. जवळिकीलाही माप असतं म्हणायचं.

घरी आल्यावर मी या विषयावर वाचत बसले. हे वाद्य तसं तरुण आहे. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये बाजारात आणलेल्या बेस गिटारीपासून त्याचा प्रसार झाला. त्याआधी खालचे सूर माणसाहून उंच अशा उभ्या बेसवर वाजवत, तिथे खरंच ताकद लागायची. ‘बेसला जोर लागतो’ हे बहुधा तिथून चालत आलेलं वाक्य. आपल्याकडे राहुल देव बर्मन यांच्या गाण्यांत टोनी वाझ यांचा बेस आहे. गाणं आपण गुणगुणतो, बेस मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही.

आणि बायका? अमेरिकेतल्या कॅरल के गिटार वाजवायच्या. पदरात मुलं होती. १९६३ मध्ये एका ध्वनिमुद्रणाला बेस वाजवणारा आलाच नाही, तेव्हा त्यांनी बेस उचलला आणि पुढे शेकडो गाण्यांत वाजवला. आपल्या मुंबईची मोहिनी डे वडिलांकडून बेस शिकली, लहान वयातच कार्यक्रम करू लागली आणि ए. आर. रहमान यांच्यासोबत वाजवून जगभर पोहोचली.

पण मला सगळ्यात भावली ती अबिगेल इबारा. ही वाजवणारी नव्हे. फेंडरच्या कॅलिफोर्नियातल्या कारखान्यात ती १९५६ मध्ये कामाला लागली. काम काय, तर पिकअपला तांब्याच्या तारेचे वेढे देणं. मशीन फिरायचं, पण ती केसासारखी तार बोटांनी सांभाळायची. जास्त ओढली तर तुटते, सैल सोडली तर वेढे ढिले पडतात. २०१३ मध्ये ती निवृत्त झाली. तिने गुंडाळलेले पिकअप वादक शोधून शोधून घेतात. म्हणजे बघा, ज्या आवाजाला पुरुषी, दणकट म्हणतात, त्याच्या पोटातली तार एका बाईच्या नाजूक बोटांनी गुंडाळलेली होती. त्या रात्री मी लेकीला उठवून हे सांगितलं. ती झोपेतच म्हणाली, "आई, उद्या त्या म्होरक्याला सांग."

त्याला काही सांगावं लागलं नाही. बुधवारी सरावाला तिने गिटार जोडली आणि एक सूर वाजवला. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. एकाने विचारलं, "नवीन अँप घेतला काय गं?" ती म्हणाली, "नाही. पिकअप बदलला. मी." म्होरक्या खरंच चांगला मुलगा आहे. रात्री घरी आला, म्हणाला, "काकी, चुकलंच माझं." मी म्हटलं, "तुझं एकट्याचं नाही रे."

रेवदंड्याच्या हळदीला मी मुद्दाम गेले. आधी धवलारीण गायली. सत्तरीची बाई, हातात माइक नाही, पण मांडवाच्या टोकापर्यंत आवाज. मग पोरांचा ग्रुप सुरू झाला. लेक मागे ढोलकीवाल्याच्या शेजारी उभी होती, अगदी सैल हाताने, दोन बोटांनी तारा हलवत. माझ्या पायाखालची जमीन धुम्म् धुम्म् करत होती. शेजारची बाई वैतागून म्हणाली, "काय बाई हा आवाज, छातीत धडधडतं नुसतं!" मी म्हटलं, "माझी मुलगी वाजवतेय." आणि मग दहाच्या ठोक्याला सगळं बंद झालं, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, अजून थोडा वेळ चाललं असतं तर...

वाद्य आता माळ्यावर जात नाही. वाजवून झालं की सासूबाईंच्या जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्याने तारा कोरड्या पुसायच्या, पिशवीत ओल शोषणाऱ्या पुड्या टाकायच्या, वायर काढून ठेवायची. एवढं केलं तरी आपल्या खाऱ्या हवेत वाद्य टिकतं.

गेल्या महिन्यात आमच्या बचत गटातली एक नवी मुलगी शिवणवर्ग सोडते म्हणाली. "ताई, माझ्या हाताला वळणच नाही. टाके सुटतात." पूर्वी मी तिला धीर दिला असता, सराव कर म्हटलं असतं, आणि मनात म्हटलं असतं, हिला नाही जमायचं. आता मी आधी मशीनपाशी गेले. सुई काढून काचेवर आडवी ठेवली. सुई वाकडी होती. तिची किंमत काही रुपये. बदलली, आणि टाके सरळ पडायला लागले.

ती मुलगी अजून वर्गाला येते. सुया बदलायचं काम आता तिच्याकडेच आहे.